त्यांच्यात सर

जग माझ्या मेहुण्याला सर म्हणायचं. विद्यार्थी त्याच्या माघारी 'त्यांच्यात सर' म्हणायचे. मी त्याच्या बायकोची थोरली बहीण, त्यामुळे मला त्याला अरे-तुरे करायचा परवाना होता आणि तो मी कधी वाया जाऊ दिला नाही.

तो कॉलेजात जगातल्या धर्मांबद्दल शिकवायचा. धर्म नव्हे, धर्मांबद्दल. हा एवढासा फरक लोकांच्या गळी उतरवण्यात त्याची निम्मी हयात गेली. चार माणसांत कोणी विचारलं, "तुम्ही काय शिकवता?" आणि त्याने सांगितलं, की समोरचा एक तर पाय जवळ घेऊन सावरून बसायचा, नाहीतर डोळा बारीक करून विचारायचा, "मग खरा कुठला?" त्यावर ह्याचं ठरलेलं उत्तर असायचं, "तो पेपर माझ्याकडे नाही."

एकदा एका मुलीचे वडील तावातावाने स्टाफरूममध्ये आले. मी तिथेच चहा पीत बसले होते, म्हणून हे ऐकीव नाही.

"सर, पोरीला धर्म शिकवता म्हणे."

"धर्मांबद्दल शिकवतो."

"तेच ते. आमचा शिकवा की. बाकीच्यांची नुसती नावं सांगा."

"मग बाकीच्यांच्या पोरांना मी तुमचं नुसतं नाव सांगू?"

वडिलांनी खुर्ची ओढून घेतली. मग म्हणाले, "नाही, आमचं नीट सांगा."

"त्यांचंही म्हणणं हेच आहे."

जाताना दारातून वळून त्यांनी हळूच विचारलं, "परीक्षेला काय काय येतं?"

त्याची-माझी ओळख आमच्या नाटक कंपनीच्या तालमीत झाली. मी तेव्हा भरात होते. राणी, विधवा, खलनायिका, जे मिळेल ते करत होते. तालमीच्या हॉलमध्ये इस्त्रीच्या शर्टातला एक काटकुळा तरुण आला आणि म्हणाला, "मला प्रार्थना वाचायला शिकवाल का?"

आम्ही सगळे बघतच राहिलो. त्याने समजावून सांगितलं. तो वर्गात कुठल्याही धर्मातलं काही वाचून दाखवायला लागला, की ते बसस्टँडवरच्या घोषणेसारखं ऐकू येई. मुलांना वाटे, ह्यात काही नाहीच, लोक उगाच वेडे होतात. "माझ्या आवाजामुळे त्या लोकांवर अन्याय होतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, वाच. त्याने वाचलं. कुठल्यातरी आईने आजारी मुलासाठी केलेली याचना होती. त्याच्या तोंडून ऐकताना वाटलं, गाडी अर्धा तास उशिरा सुटेल, प्रवाशांनी नोंद घ्यावी.

विंगेत जमिनीवर बसून माझी धाकटी बहीण राजाच्या अंगरख्याची किनार शिवत होती. आमचा कपडेपट तिच्याकडे असायचा. तोंडात टाचण्या धरून बोलायची तिला सवय होती. ती म्हणाली, "असं वाचलं तर देव विचारील, पुढची गाडी कितीला आहे." आणि स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की टाचण्या जमिनीवर सांडल्या. तो वाकला आणि एकेक टाचणी वेचून तिच्या तळहातावर ठेवू लागला. मी रंगभूमीवर हजारदा प्रेमात पडले असेन, पण तसा प्रवेश मला एकदाही मिळाला नाही.

आवाज काही सुधारला नाही. शेवटी तोडगा निघाला तो असा, की वर्षाच्या पहिल्या तासाला मीच त्याच्या वर्गात जाऊन वाचायचं. नाटक सुटलं, कंपनी बंद पडली, गुडघे गेले, तरी तो पहिला तास मी चुकवला नाही.

त्याची खोली कॉरिडॉरच्या टोकाला, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला लागून होती. दुपारी सडक्या अंड्यांचा वास भिंतीतून यायचा. "नरक शिकवायला मला वेगळं साहित्य लागत नाही," तो म्हणायचा. फळ्याशेजारी एक खुर्ची असायची. आमच्याच कंपनीची, कुठल्यातरी ऐतिहासिक नाटकातलं सिंहासन. सोनेरी रंग उडालेला, लाल मखमल जागोजागी फाटलेली. कंपनीचं सामान विकायला निघालं तेव्हा मी ती त्याला दिली. त्या खुर्चीवर त्याचा अख्खा विषय उभा होता.

आपल्याकडे कसं बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. "आमच्यात हे चालत नाही." "तुमच्यात कसं असतं?" "त्यांच्यात काय, सगळंच चालतं." ह्या 'च्यात'मध्ये माणसं आपापली घरं बांधतात आणि आतून कडी लावून घेतात. त्याच्या वर्गात नियम एकच होता. कुठल्याही धर्माबद्दल बोला, पण 'त्यांच्यात' म्हणूनच बोला. स्वतःचा धर्म असला तरी 'त्यांच्यात'. आणि असं बोला, की त्या धर्माचा माणूस समोर बसला असता तर त्याने मान डोलावली असती, हो, आमचं असंच असतं. तो न दिसणारा माणूस त्या सिंहासनावर बसलेला आहे असं धरून चालायचं.

कोणाच्या तोंडून चुकून 'आमच्यात' किंवा 'आपल्यात' निघालं, की त्याने स्वतः जाऊन त्या खुर्चीवर बसायचं. बाकीच्यांनी त्याला 'तुमच्यात' असं म्हणून प्रश्न विचारायचे आणि त्याने खरी उत्तरं द्यायची. पोरांना हा खेळ फार आवडायचा. हसत हसत बसलेली पोरं दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला गंभीर व्हायची. "तुमच्यात देव ऐकतो हे कशावरून कळतं?" असं कोणी खरोखर जाणून घ्यायला विचारलं, की भलेभले अडखळायचे. एक दांडगट मुलगा त्या खुर्चीवर बसून रडला होता. त्याच्या धर्मावर कोणी टीका केली नव्हती. कोणीतरी फक्त नीट विचारलं होतं.

आता धाकटीबद्दल सांगते. ती श्रद्धाळू होती. गाजावाजा न करता, जशी काही माणसं न बोलता डावखुरी असतात तशी. सकाळी मशीनच्या सुईत दोरा ओवायच्या आधी ती डोळे मिटून आमच्या आईची प्रार्थना म्हणायची. आईने ती कुठून आणली देव जाणे. तीनच ओळी:

दिवस तुझा, रात्र तुझी, मधे आम्ही.
वाट दिसेल एवढा उजेड दे.
हात सुटला तर पुन्हा धर.

तेवढा वेळ तो तिचा चहा हातात घेऊन त्या खोलीच्या दारात उभा राहायचा. आत यायचा नाही, निघूनही जायचा नाही. तिचं म्हणून झालं की कप ठेवायचा. मूलबाळ झालं नाही, त्यामुळे ह्या रोजच्या प्रवेशात कधी तिसरं पात्र आलं नाही.

मी एकदा त्याला छेडलं, "दारात काय उभा राहतोस? आत जाऊन म्हण की तिच्याबरोबर."

"मला म्हणता येत नाही, ताई."

"मानत नाहीस म्हणून?"

"मानतो का नाही तेच बघायला कधी सवड झाली नाही," तो म्हणाला. "इतक्या जणांचं नीट सांगायचं तर आपण मधे लुडबुड करून चालत नाही. तीच सवय लागली."

धाकटी मशीनवरून म्हणाली, "सर घरीही वर्गातच असतात गं. मला कधी कधी वाटतं, आपण नवरा-बायको नाही, मी ह्याचा एक धडा आहे." ती हसली. तोही हसला. तेव्हा सगळं हसण्यावारी जात होतं.

मग ती आजारी पडली. काय आजार, किती डॉक्टर, ते सांगत बसत नाही. ज्या घरांनी ते पाहिलं आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना ते कळू नये. शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तिने पलंग शिवणाच्या खोलीतच लावून घेतला, मशीनशेजारी, खिडकीपाशी. अंगात कळा नसल्या तर पडल्या पडल्या ती मशीनचं चाक बोटाने हलवायची.

एका दुपारी मी तिचे केस विंचरत होते. तो औषध मोजून चमच्यात ओतत होता. ती म्हणाली, "सर, एक मागू?"

"माग."

"तुला जगातल्या सगळ्या लोकांच्या प्रार्थना येतात. आईची ती एकदा माझ्याबरोबर म्हण."

तो चमचा तसाच धरून उभा राहिला. "मला तुझ्याशी खोटं वागता येत नाही."

"खोटं वाग कोण म्हणतंय? देव आहे असं म्हणू नकोस. नुसतं 'आम्ही' म्हण. त्यात मी आहे, तू आहेस. एवढं तर खरं आहे ना?"

त्याने होकाराची मान हलवली. औषध सांडलं होतं. त्याने पुन्हा मोजलं.

स्वयंपाकघरात तो माझ्यासमोर येऊन बसला. "ताई, ती प्रार्थना बसवून घ्या माझ्याकडून."

मी आयुष्यभर तालमी केल्या, पण तसली तालीम कधी केली नाही. ओट्याला टेकून मी उभी आणि समोर स्टुलावर हा, साठीला आलेला, हात गुडघ्यांवर ठेवून, शाळकरी पोरासारखा.

"दिवस तुझा, रात्र तुझी, मधे आम्ही," तो म्हणाला. गाडी उशिरा सुटणार होती.

"पुन्हा. 'आम्ही'वर थांब."

"आम्ही म्हणजे कोण, ताई?"

"म्हणजे तू आणि ती, गाढवा. आणखी कोण?"

तो जरा हसला. मग डोळे मिटून त्याने पुन्हा म्हटलं, आणि ह्या खेपेला आवाज हलला. मी त्याला सांगितलं, आमचे तालीममास्तर आम्हाला सांगायचे तेच. आवाज मोठा करू नकोस, लांब पाठव. शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटलं पाहिजे, हे मला सांगतायत.

"ती काही शेवटच्या रांगेत नाही," तो म्हणाला. "हाताच्या अंतरावर आहे."

"ते अंतर जास्त अवघड असतं."

संध्याकाळी धाकटीला जरा उतार होता. तिने उशी उंच करून घेतली. तो नेहमीसारखा दारात थबकला. मग आत आला, पलंगाच्या कडेवर बसला आणि तिचा हात हातात घेतला. मी मशीनपाशी उभी होते. कितीदा मी विंगेतून दुसऱ्याचा प्रवेश श्वास रोखून पाहिला असेल. तसाच पाहिला.

धाकटीने सुरुवात केली. तिचा आवाज दोऱ्याएवढा झाला होता. "दिवस तुझा, रात्र तुझी…" तो तिच्याबरोबर म्हणत होता. आवाजही बरोबर लागला होता. आणि मग ती म्हणाली, "मधे आम्ही," आणि तो म्हणाला, "मधे ते."

वर्गात मी कुठलीही प्रार्थना वाचली, की लगेच तो ती मुलांना पुन्हा सांगायचा. ते असं म्हणतात, ते असं मागतात. इतक्या वर्षांत त्याच्या जिभेने कुठल्याही प्रार्थनेत दुसरा शब्द उच्चारलाच नव्हता.

धाकटीने डोळे उघडले. त्याच्याकडे पाहिलं. मग तिला हसू आलं, तेच जुनं, टाचण्या सांडवणारं, पण आता त्याला ताकद नव्हती.

"मला पण त्यांच्यात ढकललंस का रे?" ती म्हणाली. "मी अजून इथेच आहे."

"पुन्हा म्हणू," तो म्हणाला. "थांब, पुन्हा म्हणू."

"उद्या म्हणू. दमले आता."

तिने त्याचा हात सोडला नाही. तसाच धरून झोपली. दुसऱ्या दिवशी ती जागी झाली, पण आमच्यात आली नाही. डोळे उघडे होते आणि ती कुठेतरी बघत होती. तो तिच्या कानाशी लागून त्या तीन ओळी म्हणत राहिला. 'आम्ही' म्हणायचा, थांबायचा, पुन्हा म्हणायचा. ती ऐकते आहे का ते कळत नव्हतं. दुपारी मी नर्सला दार उघडायला गेले आणि परत येईपर्यंत खोलीत एकच श्वास चालू होता.

पुढचं तेच, जे सगळ्यांचं होतं. माणसं आली, बसली, गेली. तो कोणाला पाणी हवं का विचारत फिरायचा. शिवणाच्या खोलीतलं काहीही त्याने हलवू दिलं नाही. मशीनच्या सुईत तिने ओवलेला निळा दोरा तसाच होता. मी आवरायला गेले तर म्हणाला, "तो राहू द्या, ताई." त्या चुकलेल्या शब्दाबद्दल तो कधी बोलला नाही. मीही विषय काढला नाही. पण जेवताना मधेच त्याचा घास थांबायचा आणि ओठ हलायचे. मी ओळखायचे, हा ओळ घोकतोय. प्रयोग संपल्यावर वाक्य आठवलेल्या नटासारखा.

नव्या वर्षाचा पहिला तास आला. तो तास नेहमी एकाच वाक्याने सुरू व्हायचा: "कोणीतरी मेलं आहे. आता काय करायचं?" त्याचं म्हणणं असं, की माणसांनी देवाबद्दल जे जे म्हटलं त्यातलं बरंचसं ह्या प्रश्नापाशी बसून म्हटलं. मी त्याला म्हटलं, "ह्या वर्षी दुसरीकडून सुरुवात कर. देवळं, इमारती, काहीतरी दाखव."

"पहिला धडा तोच आहे," तो म्हणाला.

मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. नवी पोरं, नव्या दप्तरांचे वास, भिंतीतून येणारा तोच जुना वास. त्याने नियम सांगितला, खुर्ची दाखवली. पोरं खुसखुसली. मग त्याने फळ्याकडे पाठ केली आणि म्हणाला, "कोणीतरी मेलं आहे. आता काय करायचं?"

पोरांनी वह्या उघडल्या.

"यहुदी लोक घ्या. त्यांच्यात जवळचं माणूस गेलं, की अंगावरचं कापड फाडतात. ती फाट पुढे शिवता येते. पण आई-वडिलांसाठी फाडलेलं पुन्हा पहिल्यासारखं कधी शिवत नाहीत. मुसलमानांत मृताला न्हाऊ घालतात, हलक्या हाताने, जणू त्याला अजून दुखेल. तिबेटातले बौद्ध घ्या. त्यांच्यात गेलेल्या माणसाजवळ बसून त्याला वाचून दाखवतात, पुढची वाट सांगत राहतात. त्याला ऐकू येतं असं ते मानतात."

इथे तो जरा थांबला. मला वाटलं, आता मला वाचायला बोलावणार. मी कागद पुढे ओढला.

"आणि आपल्यात," तो म्हणाला, "मशीनच्या सुईतला दोरा काढत नाहीत."

क्षणभर कोणाला काही कळलं नाही. मग पुढच्या बाकावरचा एक मुलगा आनंदाने म्हणाला, "सर, आपल्यात म्हणालात."

"सर, खुर्ची," मागून दुसरा म्हणाला. वर्गभर हशा पिकला. पहिल्याच तासाला सर सापडले होते. त्यांचा काय दोष? त्यांना ठाऊक नव्हतं. मी उठणार होते, काहीतरी बोलून वेळ मारून नेणार होते. मला ते जमतं. पण त्याने हात वर करून मला बसवलं, चालत गेला आणि त्या फाटक्या मखमलीवर बसला.

"विचारा," तो म्हणाला.

पोरं एकमेकांना कोपरं मारत होती. शेवटी खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. ती हसत नव्हती. तिला नीट विचारायचं होतं.

"सर, तुमच्यात किती लोक आहेत?"

"दोघं होतो."

हशा कुठल्या कुठे विरला. मुलगी खाली बसेना. तिच्या लक्षात आलं असावं. तिचा चेहरा पडला होता, पण नियमाप्रमाणे प्रश्न सुरू झाला होता आणि अर्ध्यात सोडणं तिला बरं वाटलं नाही. ती हळूच म्हणाली, "तुमच्यात प्रार्थना काय म्हणतात?"

त्याने हात गुडघ्यांवर ठेवले, स्वयंपाकघरातल्यासारखे.

"दिवस तुझा," तो म्हणाला. "रात्र तुझी. मधे…"

तो थांबला. शब्द माझ्या ओठांवर होता. विंगेतून शब्द कधी फेकायचा हे मला अजून झोपेतही कळतं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"मधे आम्ही," तो म्हणाला. "वाट दिसेल एवढा उजेड दे. हात सुटला तर पुन्हा धर."

आवाज मोठा नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत आला. मला वाटलं, हे मला सांगतायत.

तास संपल्यावर पोरं कधी नव्हे ती हळू चालत बाहेर गेली. ती मुलगी दारात घोटाळली आणि निघून गेली. तो अजून खुर्चीतच होता.

"ताई, बरोबर आलं?"

"बरोबर आलं."

"मागपर्यंत?"

"मागपर्यंत आलं."

"त्याच्याही मागे?"

मी त्याच्याजवळ गेले. माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच होतं, जे मला स्टेजवर शिकायला मिळालं. "स्टेजवरून अंधारातलं काही दिसत नाही रे," मी म्हटलं. "कोण बसलंय, कोण उठून गेलं. आपण बोलायचं असतं."

त्याने चष्मा पुसला, उठला आणि पुढे आलेली खुर्ची भिंतीशी सरकवू लागला. लाकूड जड होतं. एकट्याला ती हलेना. मी दुसऱ्या बाजूने हात लावला.